सोलापूरकडच्या नाण्यांची पुस्तकं : शोधकामाच्या नोंदी

७ डिसेंबर

काम नेमकं काय ते आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं फाटे फुटणार नाहीत. सोलापूर आणि आजूबाजूला जी जुनी नाणी हाताला लागतात त्यातलं कुठलं कुठल्या पुस्तकात सापडतं, ते पुस्तक कुठं बघायला मिळतं, आणि विकत घ्यायला लागतं का मोबाईलवर फोटो काढून भागतं, एवढ्याची वही करायची. पुस्तकांची वही, नाण्यांची नाही. आमच्याकडं जमवणारे कमी नाहीत, कुणाकडं बरणीभर शिवराया म्हणजे मराठी अमलातले तांब्याचे पैसे, कुणाकडं आजीच्या पेटीतले राणीछाप, पण पुस्तक म्हणाल तर सगळ्यांच्यात मिळून एखादं, आणि ते पण कुणी नेलंय ते आठवत नाही. मग काय, फोटो टाकायचा आणि विचारायचं "किती येतील ह्याचे". अरे बाबा आधी ते आहे काय ते तर बघ, भाव नंतर!

हद्द पण ठरवून टाकली. तेरकडची सातवाहन, मग बहमनी आणि आदिलशाही, मोगल, मराठे, आणि शेवटी कंपनी आणि राणी-राजा. यादवांचे पद्मटंक, विजयनगरचे होन वगैरे सोन्याचा माल आपल्या खिशाच्या बाहेरचा, तो वगळला.

१४ डिसेंबर

शहरातल्या एका जुन्या वाचनालयात दुपार घालवली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "नाण्यांचं ७३७ ला बघा दादा, पण तिथं फार काही नाहीये." खरंच नव्हतं. ड्युईच्या पद्धतीत ७३७ म्हणजे नाणकशास्त्र, कलेच्या विभागात येतं ते, आणि त्या फळीवर एक शाळेच्या मुलांसाठीचं आणि एक पाठ फाटलेलं इंग्रजी. खरा माल निघाला इतिहासात, ९५४ च्या कपाटांत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड, १८८४ चा, सोलापूर जिल्ह्याचा, तिथं होता. लोक तो किल्ल्यासाठी आणि सिद्धेश्वरासाठी उघडतात, पण आपल्याला लागतं ते भांडवलाचं प्रकरण, सावकार, व्याज, हुंडी आणि बाजारातला पैसा हे सगळं ह्या गॅझेटियरमध्ये त्या एका प्रकरणात येतं. नाणं कुणी पाडलं हे कॅटलॉग सांगतो, पण ते बाजारात कसं फिरत होतं हे अशा ठिकाणी वाचायला मिळतं, आणि नाणीवाले तिकडं फिरकतच नाहीत.

मराठी विश्वकोशातली नाण्यांवरची नोंद पण वाचली. सुरुवात करणाऱ्याला एवढी पुरे, फुकट आहे आणि ऑनलाईन आहे. आधी ही वाचा मग बाकीचं, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

२१ डिसेंबर

रात्री जेवण झाल्यावर इंटरनेट अर्काइव्हवर, जुनी पुस्तकं स्कॅन करून फुकट ठेवणाऱ्या साइटवर, बसलो, मग कधी एक वाजला कळलंच नाही. लेन-पूलचा ब्रिटिश म्युझियमचा मोगल नाण्यांचा कॅटलॉग १८९२, रॅप्सनचा सातवाहन आणि क्षत्रपांचा १९०८, व्हाइटहेडचा लाहोर म्युझियमचा १९१४, त्यातला दुसरा भाग मोगलांचा, सगळं तिथं पडलेलं आहे. हे लोकांना माहीत नसतं असं नाही, माहीत असतं, पण एकदा उघडून बघतात, फोटो काळेकुट्ट दिसतात आणि बंद करतात.

त्याची गंमत अशी आहे की एकाच पुस्तकाची दोन-तीन स्कॅन असतात. काही स्कॅन निव्वळ काळं-पांढरं करून टाकलेली असतात, त्यात मजकूर झकास पण नाण्याच्या प्लेटवर, म्हणजे फोटोंच्या पानांवर, शाईचे डाग सांडल्यासारखं दिसतं. तेच पुस्तक दुसऱ्या लायब्ररीतून राखाडी किंवा रंगीत स्कॅन झालेलं असलं तर अक्षराची कड न कड दिसते. आणि प्लेट सगळ्या पुस्तकाच्या शेवटी असतात, त्यामुळं पहिलं काम म्हणजे पुस्तक उघडून थेट शेवटाला जायचं, तिथं प्लेट नीट आहेत का, मधली पानं गाळलीत का, घडीचं पान उघडून स्कॅन केलंय का न उघडता, हे बघायचं आणि मगच डाउनलोड मारायचं. वहीत प्रत्येक पुस्तकापुढं "प्लेट चांगल्या" किंवा "प्लेट बाद" असं लिहीत चाललोय. कंटाळवाणं आहे पण पुढच्याचा वेळ वाचेल.

शोधताना सोलापूर असं घातलं तर निम्मं सापडत नाही. इंग्रजांनी "शोलापूर" लिहिलंय, एच घालून, आणि मोगल नाण्यावर पण शोलापूरच आहे. दोन्ही घालून बघायचं.

४ जानेवारी

जुन्या कॅटलॉगमध्ये वजन ग्रेनमध्ये आणि माप इंचात असतं. आपल्याकडं सोनाराकडचा छोटा डिजिटल काटा, तो ग्रॅम दाखवतो. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम, हा १८३५ नंतरच्या कंपनीच्या रुपयाचा आकडा, तो पाठ करून टाकला की बाकीचा हिशोब जवळपास डोक्यात होतो. मोगल रुपया ह्याच्यापेक्षा किंचित हलका निघतो, साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, झिजलेला असला तर अजून खाली.

कॉड्रिंग्टनचं १९०४ चं मुसलमानी नाण्यांवरचं मॅन्युअल मिळालं. ह्याच्यासारखं कामाचं पुस्तक दुसरं नाही असं माझं मत झालंय. फोटोंसाठी उघडायचं नाही ते, त्यात आहे राजांच्या किताबांची म्हणजे पदव्यांची यादी, टाकसाळींच्या गावांची यादी, त्यांच्यापुढं लावलेली बिरुदं, आणि हिजरी सनाचे तक्ते. नाण्यावर गावाचं नाव अर्धंच दिसतंय पण आधीचं बिरुद वाचता येतंय अशी वेळ फार येते, उदाहरणार्थ दार-उज़-ज़फर वाचलं की विजापूर. अशा वेळी हीच यादी कामाला येते.

१६ जानेवारी

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, चालू आहे. नंदीध्वज बघून होम मैदानावर गेलो तर एका पालात "पुरातन नाणी" लिहिलेलं. राम-सीता, हनुमान, मागं ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, यूकेएल वन आना. पितळी, मोठी, जड. माणूस सांगत होता चुंबकासारखी तांदूळ ओढतात म्हणून. सोबतचा मित्र म्हणाला, "घ्यायचं का बे एक?" मी म्हटलं त्याच्यापेक्षा भजी खाऊ.

पण ह्यावरून वहीत एक पान वाढलं, ते महत्त्वाचं आहे. ही नाणी खोटी आहेत हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय असं लोक विचारतात. आता कॅटलॉग करणारा काय जगातल्या सगळ्या खोट्या नाण्यांची यादी देत बसणार आहे होय? कॅटलॉगमध्ये नसणं हाच पुरावा. १८३५ च्या आधी मुंबई, मद्रास, बंगाल ह्या तिन्ही इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती, प्रत्येकाच्या टाकसाळीच्या नोंदी आहेत, प्रिडमोरने ब्रिटिश कॉमनवेल्थच्या नाण्यांच्या मालिकेत भारताचे भाग केले १९७५ आणि १९८० ला, त्यात पै-पैची जात लावलेली आहे. त्यात हा हनुमान कुठं बसतच नाही. देवांची चित्रं घालून असला एक आणा कंपनीने कधी काढलेलाच नाही. फक्त एक अट आहे, "पुस्तकात नाही" असं म्हणायला पुस्तक त्या विषयाचं पूर्ण पाहिजे. पॉकेट गाईडमध्ये नाही म्हणजे खोटं, असं नाही होत. त्याच्यामुळं वहीत एक खूण ठेवलीय, कुठलं पुस्तक पूर्ण आणि कुठलं निवडक.

२५ जानेवारी

आज विजापूर वेशीजवळ राहणाऱ्या चाचांकडं गेलो. उर्दू शाळेतून रिटायर झालेत, फारसी चांगली. मित्राकडचा औरंगजेबाचा रुपया नेला होता, ज्याच्यावर तो कधीपासून "सोलापूर टाकसाळ" म्हणून दावा सांगतोय. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग घेतलं, आणि नाणं माझ्याच हातात ठेवून म्हणाले, "तू पढ."

पुढच्या बाजूला बादशहाचा शेर आहे, सिक्का ज़द दर जहाँ चू बद्र-ए-मुनीर, शाह औरंगज़ेब आलमगीर. म्हणजे आलमगीर बादशहाने तेजस्वी पौर्णिमेच्या चंद्रासारखा सिक्का जगात पाडला. चांदीवर बद्र म्हणजे चंद्र, सोन्यावर मेहर म्हणजे सूर्य. हे कळायला मला पुस्तक लागलं, चाचांना नाही लागलं, ते आपले चहा ओतता ओतता म्हणून मोकळे झाले.

मागची बाजू अवघड. मी वरून सुरू केलं तर चाचा लगेच, "जल्दी कैकू करता रे, नीचेसे पढ." खालून वर वाचत जायचं. तळाला ज़र्ब, म्हणजे "इथं पाडलं", आणि गावाचं नाव, त्याच्यावर सनह् जुलूस, म्हणजे गादीवर बसल्यापासूनचं वर्ष, आणि राज्यवर्षाचा आकडा, आणि वरच्या अंगाला मैमनत मानूस, म्हणजे ते वर्ष भरभराटीचं. आता गोची अशी की ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, त्यामुळं कुठली तरी एक बाजू कायम कापली जाते, आणि तळाचं गावाचं नावच बरोब्बर जातं. ह्या रुपयावर शेवटचं "पूर" स्वच्छ दिसतंय. पण पूर म्हणजे काय, बुऱ्हाणपूर पण पूर, विजापूर पण पूर, मोगलांच्या दख्खनमधल्या टाकसाळी. नुकते तर दिसतच नाहीत, त्यामुळं शीन ह्या अक्षराचे (आपला श) तीन ठिपके शोधत बसण्यात अर्थ नाही.

चाचांनी काडेपेटीतली काडी घेतली आणि टोकाने दाखवलं. "पूर" च्या आधी एक उभी काठी आहे आणि तिला खाली चिकटून दुसरी तिरकी, दोन्ही मिळून पाय फाकलेला आकार. लाम-अलिफ, म्हणजे ल आणि आ ही अक्षरं जोडलेली. "लाम पे अलिफ आया तो ला हुआ. बीजापूर मे जीम होता, उसका पेट रहता. बुरहानपूर मे तो पूर के पहले नून है. ला कहाँ है? शोलापूर मे." झालं. मित्राला तिथूनच फोन लावला, तो लका एवढा ओरडला की चाचींनी आतून विचारलं काय झालं.

हिजरी सन कापला गेलाय आणि राज्यवर्षाचा एकच आकडा दिसतो, त्यामुळं साल नक्की नाही करता येत, तसंच लिहिलं. पण चाचांनी मोजणीचा एक खुंटा दिला तो वहीत घेतला. विजापूर पडलं सप्टेंबर १६८६ मध्ये, हिजरी १०९७, आलमगिरी ३० म्हणजे औरंगजेबाचं तिसावं राज्यवर्ष. हे एक पाठ असलं की पुढं-मागं मोजत जाता येतं. नाहीतर सरळ हिशोब, हिजरी सनातून शंभराला तीन वजा करा आणि ६२२ मिळवा, वर्षाच्या मागं-पुढं येतंच. सोलापूरचा किल्ला आदिलशाहीकडून तहात मोगलांकडं गेला १६६८ ला, तेव्हा त्याच्या आधीचा औरंगजेबाचा सोलापूर रुपया कुणी दाखवला तर आधी भिंग काढायचं, पाकीट नंतर.

चाचांना रिचर्ड प्लांटचं अरबी नाणी वाचायला शिकवणारं पुस्तक दाखवलं, १९७३ चं आहे, माझ्याकडं फोटो होते. म्हणाले ठीक है, अक्षरओळखीला बरं आहे, पण नाणं हातात घेऊन रोज एक वाचल्याशिवाय नाही येणार. वहीत दोन्ही लिहिलं.

१ फेब्रुवारी

टाकसाळीच्या गावांसाठी सिंघल यांचं मोगल बादशहांच्या टाकसाळींवरचं १९५३ चं पुस्तक बघायचं, न्युमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडियाने (पुढं नुसतं नाणक सोसायटी) काढलेलं. कुठल्या बादशहाची कुठल्या गावाहून कुठल्या धातूची नाणी नोंदलेली आहेत ते एका नजरेत दिसतं. अर्थात १९५३ पर्यंतचं. नंतर बरंच निघालंय.

बाकी ह्या आठवड्यात काही नाही, ऑफिसात जीएसटीची गडबड.

१५ फेब्रुवारी

हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन आलो. मुख्य काम गोरोन आणि गोएंका यांचं सुलतानशाह्यांच्या नाण्यांचं पुस्तक, २००१ चं, नीट मांडीवर घेऊन बघायचं. एका ओळखीच्या संग्राहकांकडं मिळालं, त्यांनी टेबल दिलं, पंखा दिला, वर "जेवून जा" म्हणाले. दिल्लीपासून बंगाल, गुजरात, माळवा आणि आपल्या कामाचं म्हणजे बहमनी आणि त्यांच्यातून फुटलेली घराणी सगळी त्यात आहेत. प्रत्येक प्रकाराला नंबर, लेख अरबी लिपीत छापलेला, वजन, दुर्मिळता. लिलाववाले हाच नंबर देतात, त्यामुळं आदिलशाही जमवायची असेल तर ह्या पुस्तकाला पर्याय नाही. महाग आहे, आम्ही चौघं-पाच जण मिळून एक घेणार असं तोंडी ठरलंय, ठेवायचं कुणाकडं ह्यावर अजून भांडण चालू आहे.

माझ्याकडच्या जाड तांब्याच्या तुकड्यांपैकी एकाचा निकाल तिथंच लागला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा, एका बाजूला "इब्राहिम अबला बली", दुर्बळांचा आधार अशा अर्थाचं. फारसी लिपीत लिहिलेलं पण शब्द आपल्याकडचे! संगीतात बुडालेला, स्वतःला जगद्गुरू म्हणवणारा सुलतान होता हा, आणि त्याचा पैसा आमच्याकडं मोडीच्या दुकानात पितळेच्या तोट्यांबरोबर किलोवर जातो.

लारीचं पान पण बघितलं. चांदीची तार दुमडून तिच्यावर ठसा मारायचा, ना गोल ना चौकोन, केसाच्या पिनेसारखी दिसते. मूळ इराणातल्या लार गावाची, समुद्रावरच्या व्यापारात चालणारी, म्हणून कोकणच्या बंदरांवर फिरायची, आणि अली आदिलशहा दुसरा याने स्वतःच्या नावाने पाडली. घाटावर आमच्याकडं कुणाला सापडलेली माझ्या ऐकण्यात नाही.

भारत इतिहास संशोधक मंडळात पण डोकावलो, १९१० ची संस्था, राजवाड्यांची. त्रैमासिकाचे जुने अंक चाळायला घेतले आणि लक्षात आलं की ह्याला सुट्टी टाकून यायला लागणार. परतीच्या गाडीला उशीर होत होता.

२८ फेब्रुवारी

तेरला गेलो, पोरांना घेऊन. धाराशिव जिल्ह्यात आहे पण सोलापूरहून एका दिवसात होतं. पेरिप्लस नावाच्या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात जे तगर येतं ते हेच. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात वेचून जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे, सातवाहन काळासाठी ह्याच्याइतकं जवळ दुसरं काही नाही. पोरं मातीच्या बाहुल्यांत रमली, मी नाण्यांच्या काचेला नाक लावून उभा.

सातवाहनांसाठी सगळे रॅप्सनचंच नाव घेतात आणि बरोबर आहे, हत्ती, उज्जैन चिन्ह, ब्राह्मीतलं "रञो सिरि सातकणिस", सगळं शिकायला तेच पुस्तक. पण पुस्तकाचं साल बघायची सवय लावून घ्यायला पाहिजे. रॅप्सन १९०८ चा. नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान ह्या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला १९०६ ला, तेरा हजारांच्या वर नाणी, त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा परत मारलेला, तो त्याला वेळेवर मिळाला. विदर्भातला तऱ्हाळ्याचा साठा मात्र निघाला १९३९ ला, पोटीनची, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची, सोळाशेच्या आसपास नाणी, त्यात पुराणांच्या यादीत न सापडणारे राजे निघाले. ते रॅप्सनला कुठून माहीत असणार? तो साठा इतिहास संशोधक मिराशींनी नाणक सोसायटीच्या जर्नलमध्ये छापला. म्हणजे रॅप्सन वाचून "असा राजाच नाही" असं कुणी ठासून सांगायला लागला तर तऱ्हाळा वाचलाय का एवढंच विचारायचं. इंग्रजी जड जात असेल तर मिराशींचं सातवाहन आणि क्षत्रपांच्या इतिहासावरचं मराठी पुस्तक आहे, ते कोरीव लेखांच्या अंगाने जातं पण नाण्यांना धरून.

त्यामुळं वहीत आता एक रकाना वाढलाय, "ह्याच्यानंतर काय निघालं".

१५ मार्च

नाशिक. अंजनेरीला त्र्यंबक रस्त्यावर नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० ची, परमेश्वरीलाल गुप्त आणि माहेश्वरी यांनी उभी केलेली. पाठीमागं डोंगर, पुढं शांत इमारत, नाण्यांचं संग्रहालय आणि ग्रंथालय. सोलापूरहून एसटीने पाठीचं भजं होतं पण जावं एकदा. न्युमिस्मॅटिक डायजेस्ट हे त्यांचंच नियतकालिक.

मराठ्यांसाठी माहेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठ्यांच्या टाकसाळी आणि नाण्यांचं पुस्तक, १९८९, इथूनच निघालेलं. आपल्याकडं शिवराई म्हटलं की महाराजांचीच, असा सरसकट समज आहे. एका बाजूला श्री राजा शिव, दुसरीकडं छत्रपति, हा लेख १६७४ च्या राज्याभिषेकापासूनचा खरा, पण तोच लेख पुढं जवळजवळ दीडशे वर्षं तांब्यावर मारला जात राहिला, अक्षरांची वळणं बदलत गेली, काना-वेलांट्या हलल्या, ठिपके आले, आणि लेखाच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी तर पार उशिराची. आमच्या गटातल्या एका काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग काय माझी बरणी पेशवाईतली का?" म्हटलं काका बरीचशी असणार, पण पेशवाई पण काय कमी आहे का. दोन दिवस बोलले नाहीत. मग स्वतःच एक एक शिवराई भिंगाखाली घेऊन वळणं लावत बसलेत असं काकू सांगत होत्या.

२९ मार्च

एका ऑनलाईन विक्रेत्याकडून जुन्या कॅटलॉगचं "रिप्रिंट" मागवलं होतं. आलं ते अर्काइव्हवरच्याच बाद स्कॅनची झेरॉक्स, गुळगुळीत कव्हर घालून, प्लेट सगळ्या काळ्या. नाव लिहीत नाही. नियम असा केलाय की रिप्रिंट घेण्याआधी एका प्लेटच्या पानाचा फोटो मागवायचा, नाही पाठवला तर नाद सोडायचा.

इंग्रजी अमलाची पुस्तकं लवकर उरकतोय कारण ती सोपी आहेत. क्राउझचे जगभरच्या नाण्यांचे शतकवार जाडजूड ठोकळे, त्यातला केएम नंबर सगळीकडं चालतो, किमती डॉलरमधल्या, त्या मंगळवार बाजारात उपयोगाच्या नाहीत. १८३५ ते १९४७ साठी मात्र स्टीव्हन्स आणि विअर यांचं २०१२ चं पुस्तक घ्यावं. एकच उदाहरण, १८६२ चा राणीचा रुपया. घरोघरी आहे. पण त्याच सालाचा ठसा १८७४ पर्यंत चालू होता आणि खरं साल मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून काढतात. ही असली गोष्ट नुसतं नाणं बघून सात जन्मात कळणार नाही. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया पण त्यात बघावा, झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून परत घ्यायला लागला तो.

आणा, चवली, पावली, अधेली, भोकाचा पैसा ह्याच्यासाठी आईला विचारलं, तिला सगळे हिशोब तोंडपाठ. पुस्तक नको.

१२ एप्रिल

ऊन बेचाळीसच्या पुढं, बाहेर पडायची सोय नाही, म्हणून घरात बसून जर्नल. पुस्तकं संपतात तिथून पुढं खरं काम सुरू होतं, हे आता पक्कं झालंय. एखाद्या गावाच्या टाकसाळीवर, एका हंड्यात सापडलेल्या नाण्यांवर अख्खं पुस्तक कोण लिहिणार? ते असतं चार पानी लेखात. नाणक सोसायटी १९१० ची, ऑफिस आता बनारसला हिंदू विद्यापीठात, जर्नल १९३९ पासून. त्याच्या आधी १९०४ पासून बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलला नाण्यांची पुरवणी यायची. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचं जर्नल वेगळं. ओरिएंटल न्युमिस्मॅटिक सोसायटी १९७० ची, तिचं वेगळं. ह्या रानात वाट दाखवायला सिंघल यांचीच भारतीय नाण्यांची ग्रंथसूची आहे, दोन भाग, १९५० आणि १९५२, दुसरा मुसलमानी आणि नंतरच्या नाण्यांचा. आधी सूचीत बघायचं, मग अंक मागायचा. उलटं केलं तर जन्म जाईल.

पुरातत्त्व खात्याचा वार्षिक आढावा, १९५३-५४ पासूनचा, खात्याच्या साइटवर फुकट आहे. त्यात नाणी आणि दफिन्यांचं, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचं, वेगळं सदर असतं, राज्यवार. एक एक वर्ष उघडून आपल्या जिल्ह्याच्या ओळी हाताने उतरवतोय. कुठं एका ओळीत गाव, धातू, किती नाणी, कुठल्या राजाची, संपलं. पण ती एक ओळ दुसरीकडं कुठंच नसते.

ह्याच्यावरून कायद्याचं पण एक पान घातलं कारण शेतकरी मित्र विचारतात. १८७८ चा दफिन्याचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत गाडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये ही रक्कम तेव्हाची आहे, आज ती ऐकून लोक हसतात, पण त्याचा अर्थ असा की जवळजवळ काहीही सापडलं तरी कळवायलाच लागतं. सोनाराकडं वितळलेला हंडा कुठल्याच आढाव्यात येत नाही.

२६ एप्रिल

वही पक्की करायला घेतली. एका पानावर एक पुस्तक, त्यात साल, कुठल्या नाण्यांना लागतं, पूर्ण का निवडक, प्लेट चांगल्या का बाद, नंतर काय निघालं, आणि सोलापुरात कुणाकडं आहे. शेवटच्या रकान्यात पुष्कळ ठिकाणी "कुणाकडंच नाही" येतंय. गोरोन-गोएंका आलं एकदाचं, पहिला महिना चाचांकडं राहणार, ह्याच्यावर कुणी तोंड उघडलं नाही. चाचांनी आल्या आल्या आदिलशाहीच्या पानात पेन्सिलीने एक नुकता दुरुस्त केला, नव्या पुस्तकात, सगळ्यांसमोर.

कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून दहा प्रती काढायच्यात, स्पायरल घालून, एक त्या ग्रंथपाल बाईंना ७३७ च्या फळीसाठी. राहिलेलं काम : गॅझेटियरच्या भांडवल प्रकरणाचे फोटो परत काढायचे, दोन पानं हललीत. पुण्याच्या त्रैमासिकांना जूनमध्ये रजा टाकायची. आढावे १९७० च्या दशकापर्यंत आलेत, पुढचे श्रीपूरचा मित्र उतरवतो म्हणालाय, त्याला फाईल पाठवली.